परळीचे पाणी आणि दिवसाची वीज

फेब्रुवारी २०१३ मध्ये परळी वैजनाथचे औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद करावे लागले. त्या वेळी तेथे ११३० मेगावॉट क्षमतेचे पाच संच होते. गोदावरीवरील खडका बंधारा आटला होता आणि वरून, माजलगाव आणि जायकवाडीतून, सोडण्यासारखे पाणी उरले नव्हते. जुलै २०१५ मध्ये हीच वेळ पुन्हा आली.

हवामान बदलावर मराठीत बरेच लिहिले गेले आहे. त्यात हिमनग येतात, ध्रुवीय अस्वले येतात, बुडणारी बेटे येतात. बीड जिल्ह्यातल्या वाचकाला त्यासाठी इतके लांब जाण्याची गरज नाही. कोळसा जाळून हवेत कार्बन सोडणारे केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे आणि दुष्काळाने बंद पडलेले केंद्रही तेच आहे. कारण आणि परिणाम एकाच तालुक्यात, एकाच कुंपणाच्या आत पाहायला मिळावेत, असे ठिकाण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. स्वच्छ ऊर्जेचा विचार जगाच्या कल्याणासाठी करावा हे खरेच आहे, पण तो आपल्या विहिरीसाठीही का करावा, हे या लेखात आकडे मांडून पाहायचे आहे.

सरासरीच्या पोटात काय दडले आहे

बीड जिल्ह्याची वार्षिक सरासरी पर्जन्यमानाची नोंद सुमारे ६६६ मिलिमीटर आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर दहा हजार लिटर पाणी. या हिशेबाने सरासरीच्या वर्षी एका हेक्टरवर सुमारे ६६ लाख लिटर पाणी पडते. कापूस, बाजरी, तूर यांना ते पुरायला हवे. उसाला याच्या दोन ते तीन पट पाणी लागते, म्हणून ऊस कालव्याच्या किंवा बोअरच्या जिवावर उभा राहतो.

अडचण सरासरीत नसून वाटणीत आहे. गेवराई तालुक्यातील चकलांबा हे महसूल मंडळाचे गाव आहे. या पट्ट्याच्या उत्तरेला गोदावरी आहे, दक्षिणेला सिंदफणा आहे आणि मधली बरीचशी शेती कोरडवाहू आहे. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला, तर सरकारी भाषेत त्याला अतिवृष्टी म्हणतात आणि तिथून पंचनाम्याचा विषय सुरू होतो. आता समजा, एखाद्या वर्षी अशा चार अतिवृष्ट्या झाल्या आणि मधले पस्तीस-चाळीस दिवस पूर्ण कोरडे गेले. वर्षाअखेरीस बेरीज सरासरीच्या जवळ जाते. तहसीलच्या तक्त्यात वर्ष चांगले दिसते. शेतात मात्र एकदा पीक वाळलेले असते आणि एकदा सडलेले असते.

हे का होते, यामागचे विज्ञान अवघड नाही. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. मोठी बादली भरायला जास्त वेळ लागतो आणि ती उलटली की पाणीही जास्त सांडते. पावसाचे खंड लांबण्याचे आणि सरी बेभान होण्याचे एक मूळ इथे आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिमुसळधार पावसाच्या घटना तिप्पट झाल्याचे दाखवले. अरबी समुद्राचे तापलेले पाणी हे त्यामागचे महत्त्वाचे कारण त्यांनी सांगितले. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. आकडा लहान वाटतो. माणसाच्या अंगात एक अंश ताप वाढला तर त्याला आपण लहान म्हणत नाही.

मराठवाड्याची गेली काही वर्षे या कसोटीवर लावून पाहावीत. २०१२ चा दुष्काळ. २०१४ आणि २०१५ हे लागोपाठ दोन. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने गेलेले पाणी. ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्यातील १५१ तालुक्यांत जाहीर झालेला दुष्काळ. आणि मग सप्टेंबर २०२५. त्या महिन्यात बीड, धाराशिव, सोलापूरकडे अतिवृष्टीने हाहाकार केला, नाथसागरातून प्रचंड विसर्ग झाला, गोदाकाठची गावे हलवावी लागली आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला राज्य सरकारला ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचे मदत पॅकेज जाहीर करावे लागले. ज्या गोदावरीच्या पात्रात दहा वर्षांपूर्वी वीज केंद्रापुरतेही पाणी नव्हते, तीच ही गोदावरी.

दुष्काळ या जिल्ह्याला नवा नाही. १९७२ च्या आठवणी घराघरात आहेत. नवी आहे ती दोन टोकांमधली कमी झालेली उसंत. पूर्वी एका वाईट वर्षानंतर सावरायला दोन-चार बरी वर्षे मिळत. ती मिळेनाशी झाली की घरातली शिल्लक संपते, मग मुकादमाकडून उचल घेतली जाते आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोचा कोयता टोळीबरोबर कारखान्याच्या थळावर जातो. हवामानाचा आलेख आणि गावातून निघणाऱ्या टोळ्या यांचे नाते इतके जवळचे आहे.

एक युनिट विजेमागे किती पाणी

औष्णिक केंद्रात कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात आणि ती वाफ चक्र फिरवते. फिरवून झाल्यावर वाफ पुन्हा थंड करून पाणी करावे लागते. हे थंड करण्याचे काम दुसऱ्या पाण्याने होते आणि त्या दुसऱ्या पाण्याचा मोठा भाग शीतकरण मनोऱ्यातून हवेत उडून जातो. लांबून दिसणारा तो पांढरा ढग धुराचा नसतो. ते पाणी असते.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या औष्णिक केंद्रांना मर्यादा घालून दिली: एक मेगावॉट-तास विजेमागे जास्तीत जास्त ३.५ घनमीटर, म्हणजे ३५०० लिटर पाणी. एक मेगावॉट-तास म्हणजे हजार युनिट. तेव्हा एका युनिटमागे साडेतीन लिटर. आता परळीतल्या २५० मेगावॉटच्या एका संचाचा हिशेब करू. तो सत्तर टक्के भाराने दिवसभर चालला तर ४२ लाख युनिट वीज तयार होते आणि मर्यादेच्या आत राहूनही सुमारे १ कोटी ४७ लाख लिटर पाणी लागते.

या आकड्याचा अर्थ टँकरच्या भाषेत लावू. टंचाईत माणशी रोज २० लिटर धरले, तर एवढ्या पाण्यात सात लाखांहून अधिक लोकांची एका दिवसाची तहान भागते. आज परळीत असे तीन संच आहेत. तिन्ही चालले तर हे पाणी सुमारे बावीस लाख लोकांचे होते. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार होती. बारा हजार लिटरचा टँकर धरला, तर एका संचाला रोज बाराशेहून जास्त टँकर लागतील.

याच संचाला रोज अंदाजे तीन हजार टन कोळसा लागतो, कारण एका युनिटमागे साधारण पाऊण किलोला थोडा कमी कोळसा जळतो. आपल्या देशी कोळशात तीस ते चाळीस टक्के राख असते. म्हणजे रोज हजार टनांच्या आसपास राख, आणि हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड युनिटला जवळपास एक किलो.

हे मांडताना परळीचे ऋण विसरून चालणार नाही. १९७१ मध्ये तीस मेगावॉटच्या छोट्या संचाने तेथे सुरुवात झाली, तेव्हा मराठवाड्यातील कितीतरी गावांत कंदील होते. त्या केंद्राने नोकऱ्या दिल्या, बाजारपेठ दिली, एक तालुका उभा केला. प्रश्न एवढाच आहे की तुटीच्या खोऱ्यात, दुष्काळी जिल्ह्यात, पाणी पिणाऱ्या यंत्रावर पुढची तीस वर्षे किती भिस्त ठेवायची. जायकवाडीचा उजवा कालवा गेवराई तालुक्यातून माजलगावकडे जातो. टंचाईच्या वर्षी त्या पाण्यावर पिण्याचा, शेतीचा आणि विजेचा असे तीन हक्क एकाच वेळी उभे राहतात. विजेचा हक्क कमी करता आला, तर उरलेल्या दोघांचे भांडण थोडे सोपे होते. सौर पॅनेल धुवायला पाणी लागते, पवनचक्कीला तेही लागत नाही. कोळशापुढे हा खर्च नगण्य आहे.

रात्रीची लाईट

शेतकऱ्याच्या दृष्टीने विजेचा प्रश्न युनिटचा कमी आणि वेळेचा जास्त आहे. शेतीला थ्री-फेज वीज चक्राकार पद्धतीने मिळते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की थंडीत, अंधारात दारे धरायला जावे लागते. साप, विंचू, अलीकडे बिबट्याची भीती, ओल्या हाताने पेटीला लावलेला हात. त्यात डीपी जळाली तर आठ-पंधरा दिवस तसेच. गव्हाला शेवटचे पाणी देण्याच्या वेळी हे झाले म्हणजे हंगामाचा निकाल लागला.

वीज रात्री का देतात, याचे कारण समजून घेतले पाहिजे. औष्णिक संच हवे तेव्हा चालू-बंद करता येत नाहीत. रात्री शहरांची आणि कारखान्यांची मागणी उतरते, पण संच चालूच असतात. ती उरलेली वीज शेतीच्या वाट्याला येते. म्हणजे रात्रीच्या लाईटचा त्रास हा कोणा एका अधिकाऱ्याच्या मनात नसून कोळशाच्या विजेच्या स्वभावात आहे. सूर्याचा स्वभाव उलटा आहे. तो नेमका तेव्हाच वीज देतो, जेव्हा शेतकऱ्याला शेतात असायचे असते. शेतीपंप हा असा ग्राहक आहे की त्याला संध्याकाळी सातनंतर वीज नसली तरी चालते. सौर ऊर्जेवरचा सर्वात मोठा आक्षेप, सूर्य मावळल्यावर काय, हा शेतीला फारसा लागूच होत नाही.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली ती या विचारातून. तिची दुसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. रचना अशी: गावाजवळच्या ३३ केव्ही उपकेंद्रापासून काही किलोमीटरच्या आत सौर प्रकल्प उभारायचा, त्याची वीज थेट उपकेंद्रात द्यायची आणि तिथून निघणारी शेतीची वाहिनी दिवसा चालवायची. वीज तिथेच तयार होते आणि तिथेच वापरली जाते, त्यामुळे लांबच्या तारांमधली गळती वाचते. शेतकऱ्याला स्वतःच्या रानात काही बसवावे लागत नाही. मोटार तीच, पेटी तीच. या दुसऱ्या टप्प्यातला राज्यातील पहिला प्रकल्प सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या शेजारच्याच छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, धोंदलगाव येथे तीन मेगावॉटचा सुरू झाला.

एक मेगावॉटला साधारण चार ते पाच एकर जमीन लागते आणि वर्षाला पंधरा लाख युनिटच्या आसपास वीज मिळते. पाच अश्वशक्तीची मोटार रोज आठ तास, वर्षात दीडशे दिवस चालली तर तिला साडेचार हजार युनिटच्या आत वीज लागते. म्हणजे वर्षाच्या हिशेबात एक मेगावॉट सव्वातीनशे मोटारींना पुरतो. भर दुपारी सगळ्या एकदम चालवायच्या म्हटल्या तर मात्र अडीचशेच्या आसपास चालतील, म्हणून वाहिनीवर पाळी लावावीच लागते. चमत्कार नाही, पण रात्र वाचते.

तिजोरीचा हिशेबही याच बाजूने जातो. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे बिल राज्य सरकार भरते. मोफत वीज ही शेतकऱ्याला मोफत असते. महावितरणला कोणीतरी पैसे द्यावेच लागतात. कृषी वाहिनी योजनेत सौर वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास मिळते आणि करार पंचवीस वर्षांचा असतो. कोळशाचा आणि रेल्वे वाहतुकीचा दर पंचवीस वर्षांनी किती असेल, हे कोणी सांगू शकत नाही.

चार प्रामाणिक शंका

पहिली शंका भूजलाची. वीज दिवसा, फुकट आणि भरपूर मिळाली तर उपसा वाढेल. ही शंका खरी आहे. आपला दख्खनचा काळा पाषाण पाणी भेगांमध्ये आणि वरच्या झिजलेल्या थरात धरतो. खाली मोठा साठा नाही. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई करतो. बोअरची गाडी प्रत्यक्षात किती फुटांवर थांबते, हे गावाला माहीत आहे. म्हणून सौर विजेबरोबर ठिबक आणि पाण्याचा गावताळेबंद आलाच पाहिजे. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून चाललेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने पहिल्या टप्प्यातील ५१४२ गावांत असा ताळेबंद हा नियोजनाचा पाया मानला. ऊर्जा खाते आणि कृषी खाते यांनी हे काम एकत्र करायला हवे.

दुसरी शंका रात्रीची. घरे, दवाखाने, कारखाने यांना रात्रीही वीज हवी. त्याला तीन उत्तरे आहेत आणि तिन्ही एकत्र लागतील. एक, वारा: महाराष्ट्रात वारा जून ते सप्टेंबरमध्ये सर्वात जोराचा असतो, म्हणजे ढगांनी सूर्य झाकलेला असतो तेव्हाच. दोन, साठवण: दिवसा पाणी वरच्या तलावात चढवून रात्री खाली सोडायचे. घाटघरला २५० मेगावॉटचे असे केंद्र आहेच. तीन, आजची औष्णिक केंद्रे काही काळ कमी भाराने चालू ठेवणे. कोळसा उद्या बंद करा, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही.

तिसरी शंका परळीच्या पोटाची. तिथले कामगार, कंत्राटी मजूर, राखेवर चालणाऱ्या वीटभट्ट्या यांचे काय? संच बंद होण्याआधी दहा वर्षे याचा आराखडा तयार असला पाहिजे. केंद्राची जमीन, उच्चदाबाच्या वाहिन्या आणि प्रशिक्षित हात तिथे आहेतच. सौर प्रकल्प आणि बॅटरी साठवणीसाठी तीच तर सामग्री लागते.

चौथी शंका सर्वात जवळची आहे आणि ती यंत्रांची नाही.

कोणाची जमीन, कोणाचा वारा

बालाघाटच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा जिल्ह्यात पैसा आला, त्याबरोबर जमिनीचे व्यवहार, रस्त्यांचे कंत्राट, रखवालीचे कंत्राट आले. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. पवनचक्की प्रकल्पाच्या कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी या हत्येचा संबंध असल्याचे तपास यंत्रणेने दोषारोपपत्रात म्हटले आहे. खटला न्यायालयात आहे, तेव्हा त्यावर येथे अधिक लिहिणे योग्य नाही. पण एवढे म्हणता येईल की ऊर्जा स्वच्छ असली म्हणून तिच्याभोवतीचा व्यवहार आपोआप स्वच्छ होत नाही.

नाथसागराचे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. जलाशयावर तरंगते सौर पॅनेल बसवण्याची मोठी योजना आली. जलाशय हे पक्षी अभयारण्य आहे आणि तिथल्या मच्छीमारांचे पोट त्या पाण्यावर आहे. वाद राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत आणि पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयात कोणाची बाजू टिकते यापेक्षा महत्त्वाचे हे की मच्छीमारांशी आधी बोलणे झाले असते तर अर्धा वाद उरला नसता.

राज्याच्या धोरणाकडे या नजरेने पाहावे. ३१ डिसेंबर २०२० च्या अपारंपरिक ऊर्जा धोरणात २०२५ पर्यंत १७ हजार ३६० मेगावॉटचे उद्दिष्ट होते. मार्च २०२२ मध्ये मुंबईने स्वतःचा हवामान कृती आराखडा जाहीर केला आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे ध्येय ठेवले. मुंबईला समुद्राची भीती आहे, तिने आराखडा केला हे चांगलेच झाले. मराठवाड्याच्या तालुक्याला तसाच आराखडा हवा, ज्यात मेगावॉटच्या रकान्याशेजारी पाण्याचा, जमिनीचा आणि रोजगाराचा रकाना असेल.

कृषी वाहिनी योजनेत यासाठी काही आधार आहेत. खासगी जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ मिळते. म्हणजे एकरी पन्नास हजार, पाऊस पडो वा न पडो. कोरडवाहू कापसाच्या एकराला सगळा खर्च वजा जाता हातात काय उरते, हे वाचक स्वतः मांडून पाहू शकतील. ज्या ग्रामपंचायतीत प्रकल्प होतो तिला वर्षाला पाच लाखांप्रमाणे तीन वर्षे अनुदान आहे. उणीव आहे ती दुसरीकडे. प्रकल्प बऱ्याचदा गायरानावर येतात आणि गायरानावर गावातले भूमिहीन, मेंढपाळ, शेळीवाले जगतात. भाडे ज्याच्या सातबाऱ्यावर नाव आहे त्याला मिळते. ज्याची शेळी तिथे चरत होती त्याचे नाव कुठल्याच उताऱ्यावर नसते.

म्हणून चकलांब्यासारख्या गावात सौर प्रकल्पाचा प्रस्ताव आला, तर ग्रामसभेने पाच गोष्टी ठरावात लिहून घ्याव्यात. जमीन कोणती आणि आज तिच्यावर कोण चरतो. गायरान गेले तर चारा कुठे लावून मिळणार. भाड्याचा करार किती वर्षांचा आणि त्याची प्रत ग्रामपंचायतीत कोणालाही पाहता येणार का. रखवाली, सफाई, दुरुस्ती यांच्या नोकऱ्यांत गावातले, विशेषतः ऊसतोडीला जाणारे, किती. आणि कोणत्या वाहिनीला दिवसा किती तास वीज मिळणार, हे महावितरणने लेखी द्यावे. यातली एकही मागणी अवाजवी नाही. ठराव उघड झाला आणि करार उघड झाला की अंधारात पैसे मागणाऱ्याची जागा कमी होते.

हवामान बदल थांबवणे गेवराई तालुक्याच्या हातात नाही. २०२४ हे नोंदींच्या इतिहासातील सर्वात उष्ण वर्ष ठरले, जगाचे सरासरी तापमान औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत दीड अंशाच्या वर गेले, आणि त्यात चकलांब्याचा वाटा नखाएवढाही नाही. पण पुढच्या टंचाईत कालव्याचे पाणी कशावर खर्च व्हावे, गव्हाला पाणी देणारा माणूस रात्री दोनला रानात असावा की सकाळी दहाला, आणि गावाच्या उन्हाचे व वाऱ्याचे भाडे कोणाच्या हाती जावे, या तीन गोष्टी राज्याच्या धोरणावर आणि ग्रामसभेच्या ठरावावर ठरतात. त्या आपल्या हातात आहेत.